कातड्याएवढी जमीन : जव्हार आणि मलाक्का

मुंबई इलाख्याच्या ग्याझेटियराचा ठाणे जिल्ह्याविषयीचा खंड १८८२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जव्हार संस्थानाच्या उत्पत्तीची एक कथा दिलेली आहे. थळ घाटाजवळ मुकणे येथे मातीची लहानशी गढी बाळगून असलेला एक कोळी नाईक होता. ग्याझेटियरात त्याला पौपेरा म्हटले आहे. लोकांत तो जयबा मुकणे या नावाने प्रसिद्ध आहे. पिंपरीच्या देवस्थानी पाच याचकांनी त्याला 'जव्हारचा राजा' म्हणून आशीर्वाद दिला. त्याने कोळ्यांची फौज जमविली, पेठ व धरमपूरकडील लोकांकडून मान्यता मिळविली, पुढे सुरतेवरून काठेवाडात जाऊन तेथे सात वर्षे काढली. परत आल्यावर तो जव्हारला गेला. तेथे त्या वेळी वारली राजा होता. जयबाने त्याच्याकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. वारली राजाने ती दिली. मग कातडे चिरून त्याच्या बारीक वाद्या करण्यात आल्या, त्या एकीला एक जोडण्यात आल्या, आणि त्या वेढ्यात वारली राजाचा सारा मुलूख आला. त्याला वायव्येस गंभीरगड व आसपासचा प्रदेश देण्यात आला. जयबाचा पुत्र नेमशहा याला दिल्लीच्या सुलतानाकडून राजा ही पदवी मिळाली. तो दिवस ५ जून १३४३ हा होता, आणि त्या दिवसापासून जव्हारच्या दरबारी कागदांत स्वतंत्र शक चालू झाला.

या कथेकडे आजवर बहुतेकांनी गंमत म्हणून पाहिले. इंग्रज अधिकाऱ्यांना ती वाचून रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यातील राणी डायडो आठवली. तिनेही आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बैलाच्या कातड्याएवढी जागा मागून कार्थेज नगर वसविले होते. इम्पीरियल ग्याझेटियरात तसा उल्लेखच आहे. आम्हास मात्र या कथेचा दुसरा जोड अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो पश्चिमेस नसून पूर्वेस, समुद्रापार, मलय देशांत आहे.

मलय भाषेत 'हिकायत हांग तुआ' नावाचा एक दीर्घ वीरकथाग्रंथ आहे. मलाक्का शहर १६४१ साली पोर्तुगीजांकडून डचांच्या हाती गेले, त्यानंतर त्याला आजचे रूप आले. त्याच्या अखेरच्या भागात पोर्तुगीजांनी मलाक्का कसे घेतले ते सांगितले आहे. व्यापाराच्या निमित्ताने आलेल्या फिरंग्यांनी एका कातड्याएवढी जागा मागितली, ती मिळताच कातड्याच्या वाद्या केल्या, त्यांनी वेढलेल्या जागेवर भक्कम कोट बांधला आणि त्यात तोफा चढविल्या. जावा बेटावर हीच कथा डचांविषयी सांगितली जाते. चीनच्या मिंग घराण्याच्या इतिहासात ती फिलिपाइन्समधील लुझोन बेटाविषयी आली आहे. तेथे फिरंगी म्हणजे स्पेनचे लोक. (हा चिनी इतिहास १७३९ साली पुरा झाला. आमच्या वसईवरून पोर्तुगीजांचे निशाण उतरले तेही याच वर्षी.)

जव्हारच्या डोंगरातील कथा मलाक्काच्या बंदरात कशी भेटते, हा प्रश्न साहजिक आहे. त्यासाठी नकाशावर एक नदी पाहावी. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते आणि मोखाड्याच्या दऱ्यांतून खाली उतरते. जव्हार व मोखाड्याच्या बाजूने येणाऱ्या पिंजाळ आणि सूर्या या नद्या तिलाच मिळतात. अर्नाळ्याजवळ ती समुद्रास मिळते, आणि तिच्या मुखापासून थोड्याच अंतरावर सोपारा आहे. म्हणजे आज केवळ पावसाळी पर्यटनासाठी ओळखला जाणारा हा डोंगराळ मुलूख प्राचीन शूर्पारक बंदराच्या पाठीमागचा प्रदेश होता. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात एकाच दमात शूर्पारग, गोवर्धन आणि डहाणुका नदीवरील मोफत नावांचा उल्लेख येतो. घाटावरचे गोवर्धन आणि खालचे बंदर हे दोन्ही एकाच व्यवहाराचे भाग होते.

सोपाऱ्याचे महत्त्व आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तेथील स्तूप उघडला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि भिक्षापात्राचे १३ तुकडे मिळाले. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६ साली जवळच भुईगाव येथे नवव्याचा. परंतु या बंदराचे तोंड पूर्वेकडेही होते, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. पाली 'महानिद्देस' ग्रंथात धनाच्या लोभाने समुद्रावर कष्ट सोसणाऱ्या माणसाच्या प्रवासाची एक यादी आहे. त्या यादीत सुप्पारक व भरुकच्छ आहेत, आणि त्याच यादीत तक्कोल, जव आणि सुवर्णभूमीही आहेत. 'मिलिंदपञ्ह' ग्रंथातही तक्कोल व सुवर्णभूमीला जाणाऱ्या नौकास्वामीचा दाखला येतो. म्हणजे सोपाऱ्याहून निघालेल्या माणसास जावा आणि मलय किनारा हे ओळखीचे नाव होते.

पुढे सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली व व्यापार खंबायत, चौल, दाभोळ या बंदरांकडे सरकला. पण वाट तीच राहिली. १५१२ ते १५१५ या काळात मलाक्कात असलेला पोर्तुगीज औषधविक्रेता तोमे पिरेश याने तेथील व्यापाऱ्यांची जी यादी केली, तीत गुजरात्यांबरोबर चौल, दाभोळ व गोव्याचे लोक आहेत. मलाक्कात परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार शहाबंदर नेमलेले असत, आणि त्यांपैकी एक केवळ गुजरात्यांसाठी होता. खंबायतचे कापड जाई आणि लवंग, जायफळ, जायपत्री, चंदन येई. आता जयबाच्या कथेतील काठेवाडातल्या त्या सात वर्षांकडे पुन्हा पाहावे. डोंगरातला नाईक सात वर्षे खलाशांच्या व व्यापाऱ्यांच्या मुलखात राहतो आणि परत येतो तो कातड्याची युक्ती घेऊन. कथेने आपला माल कोणत्या बंदरावरून आला याची पावतीच जणू जपून ठेवली आहे. हे आमचे अनुमान आहे, परंतु ते निराधार नाही.

येथे थोडा हिशोब करणे उपयुक्त ठरेल. मोठ्या बैलाचे कातडे फार तर ४ चौरस मीटर भरते. त्याची ३ मिलिमीटर रुंदीची वादी काढली तर ती १३०० मीटरांहून थोडी अधिक लांब होईल. एवढ्या वादीच्या वेढ्यात एक कोट सहज बसतो. मलाक्काची कथा म्हणूनच मोजमापात चपखल बसते. इंग्रजी अमलातील जव्हार संस्थान सुमारे ३१० चौरस मैलांचे होते. ते अगदी वर्तुळाकार धरले तरी त्याचा वेढा १०० किलोमीटर भरतो, आणि त्यासाठी वादी माणसाच्या केसाहून बारीक चिरावी लागेल. नेमशहाच्या अमलात तर २२ किल्ले व ९ लाखांचा मुलूख होता असे सांगतात. जव्हारच्या कथेत कातडे जमिनीला पुरलेच नसणार. तेथे पुरला तो शब्द. एकदा 'दिले' म्हटल्यावर किती दिले हे ठरविण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे गेला.

मलाक्कात प्रत्यक्ष काय घडले ते आपणास नीट माहीत आहे. आफोंसो द आल्बुकर्क याने १५११ च्या जुलै व ऑगस्टमध्ये त्या शहरावर दोन वेळा हल्ला केला, रस्त्यारस्त्यांतून लढाई झाली आणि ऑगस्टअखेर शहर पडले. त्याने बांधलेल्या कोटाला मशिदींचे आणि सुलतानांच्या थडग्यांचे दगड लावले गेले. कोणी जागा दिली नाही. मग दीड शतकानंतर लिहिणाऱ्या मलय कथाकाराने तोफांच्या जागी कातडे का आणले? आमच्या मते तो पराभव लपवीत नव्हता. तो पुढचे पाहून मागचे सांगत होता. कारण पुढच्या काळात मलय मुलखात जमीन खरोखरच त्या रीतीने गेली. जयकर्त म्हणजे आजच्या जकार्ता येथे १६१०-११ च्या कराराने डचांनी तेथील राजपुत्राकडून केवळ ५० वाव लांब व ५० वाव रुंद जागा वखारीसाठी घेतली आणि १२०० रियाल मोजले. ३० मे १६१९ रोजी यान पीटरसून कून याने ते शहरच जाळून टाकले आणि त्यावर बटाव्हिया उभे केले. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होणारे माप. दोन हातांच्या मापाने आत शिरलेल्या कंपनीने अखेर सारी जावा घेतली.

सिंगापूरचा दाखला तर याहून बोलका आहे. ६ फेब्रुवारी १८१९ रोजी स्टॅम्फर्ड रॅफल्सने सुलतान हुसेन व तेमेंगगाँग अब्दुल रहमान यांच्याशी वखारीचा तह केला. वर्षाला पहिल्याला ५००० व दुसऱ्याला ३००० स्पॅनिश डॉलर ठरले. त्याच वर्षी जूनमध्ये हद्द ठरविताना किनाऱ्याची दोन टोके नेमली गेली, आणि आत भूमीकडे हद्द किती, तर तोफेचा गोळा जाईल तेथपर्यंत, असे लिहिले गेले! ऑगस्ट १८२४ मध्ये दुसरा तह होऊन सबंध बेट कंपनीचे झाले. तोफेच्या पल्ल्याने जमीन मोजण्याची ही कल्पना कोणा कथाकाराला सुचली असती तर आपण ती अतिशयोक्ती मानली असती.

तेव्हा मलाक्काची कथा हरलेल्याने जिंकणाऱ्यावर ठेवलेला आरोप आहे. जव्हारची कथा शब्दाशब्दाने तीच असली तरी तिचा मुखवटा उलटा आहे. ती राजवाड्याने जपली, दरबाराने सांगितली व ग्याझेटियरात छापवून घेतली. ती जिंकणाऱ्याने स्वतःविषयी, अभिमानाने, आपल्या हक्काचा पुरावा म्हणून सांगितलेली आहे. वारल्याला फसविले याची तीत लाज नाही, कारण त्याने स्वतःच्या तोंडाने दिले होते. महाराष्ट्रातील वाचकास याहून जुनी अशी एक कथा ठाऊक आहे. तीन पावले भूमी मागणारा वामन आणि शब्दास जागणारा बळी! महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त त्या कथेचे पुराणाचे आवरण फाडून तीत मूळच्या भूमिपुत्राची झालेली लूट दाखविली. पाऊल असो वा कातडे, मागणाऱ्याचे माप देणाऱ्याने धरलेले माप नसते. बळीला पाताळ मिळाले, वारली राजाला गंभीरगड.

तथापि येथे घाईने निवाडा करू नये. जयबा काही समुद्रापलीकडून आलेला फिरंगी नव्हता. तो कोळी होता, आणि वर्णव्यवस्थेच्या हिशोबी त्याची जागा वारल्याहून फार उंच नव्हती. दिल्लीची पदवी, स्वतंत्र शक, राजवाडा हे सारे त्याच्या वंशजांना लाभले; पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर नागली-वरईवर दिवस काढणाऱ्या सामान्य महादेव कोळी कुटुंबाला त्या कातड्यातले काय मिळाले? कथा दोन जमातींमधील वैराची म्हणून सांगणे सोयीचे आहे, आणि म्हणूनच ते टाळले पाहिजे.

आणखी एक गोष्ट आमच्या मनात राहून राहून येते. कार्थेज, मलाक्का, जव्हार, सर्व कथांत राजा आहे, मागणारा आहे, जमीन आहे. ते कातडे कोणी सोलले, कोणी कमावले आणि कोणी एवढ्या बारीक वाद्यांत चिरले, हे एकाही कथेत नाही. या देशात मेलेले ढोर ओढणे व कातडे सोलणे हे काम कोणाच्या माथी मारले होते, हे ज्यांच्या पूर्वजांनी १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांचे शब्द ऐकून ते काम टाकले, त्यांना सांगण्याची गरज नाही. राज्य ज्या वस्तूवर उभे राहिले तिला हात लावणारा माणूस राज्याच्या कथेत अस्पृश्यच राहिला.

आता अवघड भागाकडे येऊ. कातड्याची कथा आपल्या ग्रंथांतही आहे. श्रीलंकेतील 'महावंस' हा पाली इतिहासग्रंथ पाचव्या-सहाव्या शतकातला. त्याच्या पहिल्याच परिच्छेदात तथागत बोधिप्राप्तीनंतर नवव्या महिन्यात लंकेत गेले असे वर्णन आहे. महियंगण येथे यक्षांची सभा भरली होती. तथागतांनी पाऊस, वादळ व अंधार निर्माण करून त्यांना भयभीत केले, आणि बसण्यापुरती जागा मागितली. यक्ष म्हणाले, सारे बेट घ्या, पण आम्हाला अभय द्या. मग तथागतांनी चम्मखण्ड, म्हणजे चामड्याचे आसन, अंथरले. त्याच्या कडांना अग्नी पेटला, ते आसन चोहीकडे पसरत गेले आणि यक्ष मागे सरत सरत समुद्रकाठी जाऊन उभे राहिले. शेवटी गिरिदीप नावाचे बेट जवळ आणून यक्षांना त्यावर बसविण्यात आले. बसण्यापुरती जागा, चामडे, त्याचे पसरणे, मूळ रहिवाशांचे डोंगराळ बेटावर जाणे! गिरिदीपाच्या जागी गंभीरगड ठेवला की जव्हारचीच कथा.

यक्ष म्हणजे बेटावरचे मूळ लोक असावेत, असे अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. बौद्ध वाचकाने हे पान उलटून पुढे जावे काय? आम्हास तसे वाटत नाही. त्रिपिटकात तथागत लंकेस गेल्याचा उल्लेख कोठेही नाही. ही कथा त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे हजार वर्षांनी, राजाश्रयाखाली असलेल्या महाविहारात लिहिली गेली, आणि तीत त्या राज्याची भूमीविषयीची गरज बोलते आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचनाची कसोटी घालून दिली आहे. जे विवेकास धरून नाही आणि ज्यात मानवाचे हित नाही ते तथागतांचे मानू नये. भय दाखवून कोणाला त्याच्या भूमीवरून हलविणे हे या कसोटीवर क्षणभरही टिकत नाही. जव्हारच्या दरबाराला जो न्याय लावायचा तोच महाविहाराच्या लेखकालाही लावला पाहिजे.

विनयपिटकात भूमी झाकून मोजण्याची एक वेगळी हकिकत आहे. ती अनाथपिंडिकाची. सोपाऱ्याचा पूर्ण हा दासीपुत्र. भावांनी घराबाहेर काढल्यावर समुद्रव्यापारात उभा राहिलेला. सहप्रवासी व्यापाऱ्यांच्या मुखातून बुद्धवचने ऐकून तो श्रावस्तीस ज्याच्या दारी गेला, तो हाच अनाथपिंडिक, असे 'दिव्यावदान' सांगते. जेत राजपुत्राने आपले उद्यान विकावयाचे नव्हते. नाण्यांनी झाकले तरी देणार नाही, असे तो बोलून गेला. अनाथपिंडिक म्हणाला, किंमत ठरली. वाद न्यायामात्यांकडे गेला आणि जेताचा शब्द त्याच्यावर बांधला गेला. येथेही शब्दात पकडणे आहेच, ते नाकारू नये. पण पुढे गाड्या भरभरून नाणी आली आणि जमिनीवर खरोखर अंथरली गेली. द्वाराजवळचा थोडा भाग उघडा राहिला, तो जेताचाच राहिला, आणि त्याने तो आपखुशीने दिला. भारहुतच्या स्तूपावर हे दृश्य कोरलेले आहे; गाडी, सोडलेले बैल आणि जमिनीवर मांडलेली चौकोनी नाणी त्यात स्पष्ट दिसतात. बैल जिवंत आहेत.

जव्हारच्या वारल्यांची जमीन एका कातड्यात संपली नाही. खाली वसईत २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने पोर्तुगीज आले, ते हुमायूनच्या भीतीने ग्रासलेल्या बहादूरशहाकडून. त्यांनी १५५६ च्या सुमारास अशेरी व मनोर घेऊन सागवानी जंगलाच्या तोंडावर ठाणे बसविले. पुढे मराठ्यांनी जव्हारचा पुष्कळ मुलूख कापून घेतला. इंग्रजांच्या अमलात मोखाडा हा शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून खालसा राहिला आणि जव्हार संस्थानी. खालसा मुलखात मोजणीची साखळी आली, १८७८ चा जंगल कायदा आला, हद्दीचे दगड आले. त्याच वर्षी अबकारी कायदा येऊन मोहाच्या फुलांवरही सरकारची नजर बसली. साखळी लोखंडाची होती, पण तिचे काम वादीचेच होते. त्यानंतर सावकाराचा कागद आणि त्यावरचा अंगठा. सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात ठाणे जिल्ह्यातील या लोकांची वेठ व मारहाण सरकारदरबारी मांडली, तेव्हा अनेक वारली आपल्याच पूर्वीच्या शेतावर कूळ किंवा लग्नगडी होऊन राबत होते. १९४५ साली ते किसान सभेच्या लाल झेंड्याखाली उठले. १० ऑक्टोबर रोजी तलवाड्याच्या गोळीबारात ५ जण मारले गेले.

जव्हार संस्थान १९४८ साली विलीन झाले. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याच्या ताब्यातील जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर, त्याच्या नावे करण्याची तरतूद केली, आणि पाड्यापाड्यांवर पुन्हा मोजणी सुरू झाली, या वेळी उपग्रहाच्या यंत्राने.

गंभीरगड आजच्या डहाणू तालुक्यात आहे. त्याच्या परिसरात आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कातड्याची ही कथा वारली म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या तोंडी कशी सांगितली जाते, हे लिहून घेण्याचे काम व्हावयास हवे. ग्याझेटियरात जयबाचे नाव आहे, नेमशहाचे आहे, पदवी मिळाल्याची तारीखही आहे. जमीन देणाऱ्या वारली राजाचे नाव नाही. त्या भागात शिक्षक, ग्रामसेवक किंवा धम्मकार्याच्या निमित्ताने जाणाऱ्या आमच्या वाचकांनी ते तेथे विचारावे, आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत, त्यात आपली भर न घालता, आम्हाकडे पाठवावे.